शब्दचर्चा: ‘मिलिटरी पोलिसिंग’ला मराठीत काय म्हणाल?

शाईपेन:
दूरशिक्षणाच्या एका अभ्यासक्रमासाठी समाजशास्त्राचं प्रकरण मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलंय. विषय आहे गुन्हेगारीचे ‘रिअलिस्ट’ सिद्धान्त आणि त्यातून निघालेल्या पोलिसांच्या कामाच्या पद्धती. माझ्या आधी कुणीतरी पहिला खर्डा यंत्राकडून करून घेतला होता. त्यात ‘राइट रिअलिझम’चं ‘योग्य वास्तववाद’ झालंय आणि ‘लेफ्ट रिअलिझम’चं ‘उरलेला वास्तववाद’. हसून घेतलं, आता शब्द हवेत. रिअलिझम, ब्रोकन विंडोज, झिरो टॉलरन्स, रिलेटिव्ह डेप्रिव्हेशन इथे थोडी थोडी ठेच लागतेय. खरी गाडी अडलीय ती ‘मिलिटरी पोलिसिंग’ (परक्या सैन्यासारखं वागून अख्ख्या वस्तीला संशयित धरणं) आणि ‘कन्सेन्सस पोलिसिंग’ (लोकांच्या भरवशावर काम करणं) या जोडीवर. ‘लष्करी पोलीस’ म्हटलं तर वाचक कँटोन्मेंटात जाईल.

मोडीवाला:
‘वास्तववाद’ ठेवा, पण वाचकाला आधी साहित्यातून बाहेर काढा. आपल्याकडे वास्तववाद म्हटलं की कादंबरी आठवते. इथं ‘वास्तव’ आहे तो गुन्हा. सत्तरच्या दशकात इंग्लंडातल्या बऱ्याच डाव्या अभ्यासकांचा सूर असा की गुन्हेगारीची ओरड हा वर्तमानपत्रांनी आणि सरकारनं उभा केलेला बागुलबुवा आहे. जॉक यंग त्याच गोटातला, १९७३च्या ‘द न्यू क्रिमिनॉलॉजी’च्या तीन लेखकांपैकी एक. पुढं त्यानंच जॉन ली याच्या जोडीनं १९८४ साली पुस्तक लिहून सांगितलं की बागुलबुवा वगैरे काही नाही, गुन्हा खरा आहे, आणि त्याची झळ बंगलेवाल्यांपेक्षा कामगारवस्तीला जास्त बसते. म्हणजे आपल्याच लोकांशी भांडून घेतलेलं नाव आहे हे. ‘यथार्थवाद’ नको, तो हिंदीतून येतो. ‘व्यवहारवाद’ही नको, तो वेगळ्याच तत्त्वज्ञानाला दिलेला आहे.

शाईपेन:
आणि उजवे? अमेरिकन अभ्यासक जेम्स क्यू. विल्सनचं म्हणणं साधारण असं की गरिबी, विषमता वगैरे मूळ कारणं खणत बसू नका, सरकारच्या हातात जे बदलणं आहे ते बदला. त्यांनाही वास्तववादीच म्हणायचं?

मोडीवाला:
म्हणायचं. गुन्हा खरा आहे एवढ्यापुरते दोघे एका बाकावर बसतात, पुढं फारकत. ‘उजवा वास्तववाद’, ‘डावा वास्तववाद’ सरळ लिहा. मराठी माणसाला डावं-उजवं समजावून सांगायची पाळी अजून आलेली नाही.

चकटफू:
‘ब्रोकन विंडोज’चं ‘तुटक्या खिडक्या’ कुठंही दिसलं तर खोडा, ही हात जोडून विनंती. मराठीत खिडकी तुटते तेव्हा बिजागरी निखळते, झडप लोंबकळते, सुताराला बोलवावं लागतं. विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांच्या १९८२च्या लेखात कुणीतरी दगड मारून काच फोडलीय आणि ती बदललेली नाही, एवढंच आहे. फुटकी काच तशीच राहिली की बघणाऱ्याला कळतं, इथं कुणाचं लक्ष नाही. मग दुसरी फुटते. तेव्हा ‘फुटक्या काचा’. ‘फुटकी तावदानं’ जास्त गोड वाटतं, पण आजच्या विद्यार्थ्याला तावदान कळेल का? आमच्या वाड्याला होती, शेजारच्या मुलांच्या क्रिकेटनं सिद्धान्त दर रविवारी सिद्ध व्हायचा.

शाईपेन:
‘फुटक्या काचा’ पक्कं. त्याच लेखात ‘ऑर्डर’ आणि ‘लॉ’ यांचा फरक केलाय. मराठीत आपण ‘कायदा-सुव्यवस्था’ इतकं एका दमात म्हणतो की दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच विसरायला होतं.

बोरूबहाद्दर:
तिथंच त्या लेखाची गंमत आहे. लेखाचा पाया न्यूअर्क शहरातली पायी गस्त. न्यू जर्सी राज्यानं सत्तरच्या दशकात शिपायांना गाडीतून उतरवून चालायला लावलं. पुढं पाहणी झाली तर गुन्हे कमी झाले नव्हते, पण लोकांना जास्त सुरक्षित वाटत होतं. सुरक्षित असणं आणि सुरक्षित वाटणं यांच्या फटीत तो सगळा सिद्धान्त बसलाय. केलिंग स्वतः एका शिपायाबरोबर हिंडला. त्या शिपायाचे नियम बघा: दारुड्यानं पायरीवर बसायला हरकत नाही, आडवं व्हायचं नाही. आडगल्लीत प्यायची, मुख्य चौकात नाही. बाटली कागदी पिशवीत. बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाकडं भीक मागायची नाही. यातलं बरंचसं कायद्याच्या पुस्तकात नाही, पण गल्लीत सगळ्यांना पाठ. ही ‘ऑर्डर’. मी तिला नुसतं ‘सुव्यवस्था’ म्हणेन आणि त्या परिच्छेदापुरता ‘कायदा’ शेजारी फिरकू देणार नाही. आणि ‘डिसऑर्डर’ला ‘अराजक’ किंवा ‘बेबंदशाही’ अजिबात नको, त्यात सिंहासनं उलथतात. इथं फक्त टवाळखोर पोरं आणि दारुडे आहेत. ‘उपद्रव’ पुरे.

ठाणे_अंमलदार_निवृत्त:
नमस्कार. चौतीस वर्षं खात्यात होतो. शिपाई म्हणून लागलो, फौजदार होऊन निवृत्त झालो. ताई, त्या न्यूअर्कच्या शिपायाचे नियम वाचून हसू आलं. माझ्या पहिल्या बीटवर असंच होतं. दुकानाच्या फळीवर पत्ते खेळा, पैसे लावू नका. देवळासमोर बिडी नको. हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. आम्ही याला शब्द वापरायचो ‘वळण लावणं’. साहेब लोकांना आवडेल की नाही माहीत नाही.

शाईपेन:
काका, ‘वळण लावणं’ मी चोरणार.

सह्याद्री_एक्सप्रेस:
थांबा. ‘वळण लावणं’ गोड आहे म्हणूनच घोळ आहे. वळण कोण कुणाला लावतं? आईबाप मुलांना. न्यूयॉर्कला १९९४पासून हा फुटक्या काचांचा विचार जोरात राबवला गेला, तेव्हा महापौर जुलियानी आणि पोलीस आयुक्त ब्रॅटन. तिकीट न काढता भुयारी रेल्वेत शिरणारे, सिग्नलला गाड्यांच्या काचा पुसणारे, भिंती रंगवणारे, सगळ्यांवर कारवाई. मग वाटेत थांबवून अंग चाचपणं वाढत गेलं. २०११ साली एका वर्षात सुमारे ६,८५,००० वेळा माणसांना थांबवलं. थांबवलेल्यांत बहुतेक काळे आणि लॅटिनो, आणि दहातल्या जवळपास नवांवर ना अटक, ना समन्स. २०१३मध्ये केंद्रीय न्यायालयानं ती पद्धत ज्या तऱ्हेनं राबवली गेली ती घटनाबाह्य ठरवली. हे ‘वळण’ नव्हे. गुन्हे नव्वदच्या दशकात घटले हे खरं, पण ते हा मार्ग न धरलेल्या कितीतरी शहरांतही घटले.

बोरूबहाद्दर:
मान्य. पण केलिंगला ‘झिरो टॉलरन्स’, म्हणजे बारीकसारीक उपद्रवावरही हमखास कारवाई, हा शब्द स्वतःला आवडत नव्हता हेही लिहा. त्याच्या गल्लीतल्या शिपायाला तारतम्य होतं, झिरो टॉलरन्समध्ये तारतम्यच काढून टाकतात. शब्दाचं म्हणाल तर ‘शून्य सहनशीलता’ हे मराठी नव्हे, देवनागरीतलं इंग्रजी आहे. आपले मंत्री काय म्हणतात? ‘कुणाचीही गय केली जाणार नाही.’ बस. ‘बिनगय पद्धत’.

चकटफू:
‘बिनगय’ ऐकायला बिनकांद्याच्या भाजीसारखं वाटतंय. ‘पोलिसी खाक्या’ का नको? खाकीवरूनच आलाय शब्द.

मोडीवाला:
नाही आलेला. ‘खाका’ म्हणजे आराखडा, फारसी. त्यावरून खाक्या म्हणजे तऱ्हा, रीत. ‘आमच्या आत्याबाईंचा खाक्याच निराळा’ म्हणताना आत्याबाई कुठं गणवेशात असतात? पोलिसांना तो चिकटला तो खाकीशी यमक जुळल्यामुळं असेल. शिवाय ‘खाक्या दाखवणे’ यात मारहाण गृहीत आहे. झिरो टॉलरन्समध्ये दंडाची पावतीही येते.

शाईपेन:
‘गय न करण्याची पद्धत’ असं सैल लिहीन, नाव म्हणून ‘झिरो टॉलरन्स’ देवनागरीत. आता मुख्य दुखण्याकडे येऊ या का?

लंडनकर:
मी दक्षिण लंडनमध्ये राहते, ब्रिक्स्टन आमच्या बसच्या वाटेवर. ली आणि यंग यांनी ‘मिलिटरी पोलिसिंग’ म्हटलं ते हवेतून नाही. एप्रिल १९८१मध्ये पोलिसांनी तिथं एक मोहीम काढली. नाव ‘स्वॅम्प ८१’. साध्या वेशातले पोलीस रस्त्यावर सोडले. काही दिवसांत ९४३ लोकांना हटकलं, ११८ना पकडलं, आणि एवढ्या खटाटोपात जबरी चोरीचा आरोप लागला तो एकावर. हटकलेल्यांत निम्म्याहून जास्त काळे, आणि बरेचसे तरुण. १० एप्रिलपासून तीन दिवस दंगल. नोव्हेंबरात न्यायमूर्ती स्कारमन यांचा चौकशी अहवाल आला. त्यात एक वाक्य शब्दचर्चेच्या कामाचं आहे: कायद्याची अंमलबजावणी आणि सार्वजनिक शांतता यांची टक्कर झाली तर पोलिसांनी शांततेला आधी मान द्यावा, अशा अर्थाचं. आज ब्रिक्स्टनच्या बाजारात भेंडी, सुरण, कच्ची केळी मिळतात म्हणून मी जाते. जुन्या दुकानदाराकडं ‘एटी-वन’ एवढंच म्हटलं तरी पुढचं तो बोलतो.

सह्याद्री_एक्सप्रेस:
‘स्वॅम्प’चं ‘दलदल’ करू नका बरं का कुणी.

लंडनकर:
हो, ते क्रियापद आहे. भाग पोलिसांनी भरून टाकायचा.

ठाणे_अंमलदार_निवृत्त:
‘हटकलं’ हा शब्द ताईंनी बरोबर वापरला. झडती वेगळी, हटकणं वेगळं. रात्री कुणी दिसला तर ‘ए, कुठं निघालास?’ हे हटकणं. त्यानं नीट उत्तर दिलं तर जा घरी. नाही दिलं तर मुंबई पोलीस कायद्याचं (आता त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात) कलम १२२, रात्री संशयास्पद स्थितीत आढळण्याचं. आमची ठरलेली ओळ असायची: ‘अंधाराचा फायदा घेऊन, स्वतःचे अस्तित्व लपवून, संशयितरीत्या मिळून आला.’ माणूस कधी ‘सापडायचा’ नाही, ‘मिळून यायचा’.

लंडनकर:
काका, इथं त्याचाच थोरला भाऊ होता. १८२४चा भटक्यांविरुद्धचा कायदा. त्यातलं ‘संशयित व्यक्ती’ एवढ्या शब्दावर पोरांना उचलायचे, लोक त्याला ‘सस’ म्हणायचे. दंगलीच्याच वर्षी, १९८१मध्ये, ते कलम रद्द झालं.

ठाणे_अंमलदार_निवृत्त:
आमच्या १२२मध्येही ‘नामचीन चोर’ अशा अर्थाचे शब्द आहेत. आता समजलं कुठून आले.

शाईपेन:
आता मूळ कल्पना मांडते, म्हणजे शब्द शोधायला सोपं जाईल. ली आणि यंग म्हणतात, बहुतेक गुन्हे पोलीस शोधत नाहीत, लोक सांगतात म्हणून उघडकीला येतात. लोकांचा भरवसा असला की माहिती आपसूक येते, पोलिसांना नेमक्या माणसाकडे जाता येतं. ही ‘कन्सेन्सस’ पद्धत. भरवसा उडाला की माहिती आटते. मग पोलीस आंधळेपणानं सरसकट सगळ्यांना हटकू लागतात, अख्खी वस्तीच संशयित होते. त्यानं उरलासुरला भरवसा जातो, माहिती आणखी आटते. शेवटी खऱ्या चोराला पकडायला आले तरी गल्ली पोलिसांच्या विरोधात उभी राहते. ही ‘मिलिटरी’ पद्धत. बंदुका असोत-नसोत, वागणं परमुलखात शिरलेल्या सैन्याचं.

मोडीवाला:
यात मराठीची एक अडचण आहे, कुणी बोललं नाही अजून. आपल्या पोलिसांची सगळी हुद्देवारी फौजेतूनच आलीय. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार. फौजदारात तर फौज बसलेलीच आहे, आणि ‘फौजदारी गुन्हा’ म्हणताना कुणाला सैन्य आठवतही नाही. त्यामुळं ‘फौजी पोलीसपद्धत’ म्हटलंत तर तो टोमणा वाटणारच नाही. इंग्रजीत ‘मिलिटरी’ हा शब्द पोलिसांपासून लांबचा आहे म्हणून तो लागतो. १८२९मध्ये लंडनची पोलीस उभी केली तेव्हा ते सैनिक वाटू नयेत म्हणून लाल टाळून निळा गणवेश दिला होता.

चकटफू:
रोजच्या पेपरात उत्तर आहे की! ‘घटनेनंतर परिसराला पोलीस छावणीचे स्वरूप आले होते.’ हे वाक्य न छापता महाराष्ट्रात एकही दंगल पार पडलेली नाही.

शाईपेन:
छावणी! अरे!

मोडीवाला:
चकटफू, पंधरा वर्षांत तुमचं पहिलं कामाचं वाक्य. छावणी म्हणजे तात्पुरता तळ. त्यात ‘हे लोक इथले नाहीत’ हे आपोआप येतं. फौजेत ते येत नाही. ‘फौजफाटा’तही नाही, तिथं नुसती संख्या आहे.

चकटफू:
मग दुसरीला ‘चौकी पद्धत’ म्हणा. छावणी-चौकी, अनुप्रासही साधला.

सह्याद्री_एक्सप्रेस:
चौकीत राहणारा ओळखीचा असतो हे खरं. पण ‘चल चौकीत’ हे वाक्य ज्यानं ऐकलंय त्याला विचारा, त्यात कन्सेन्सस किती होता. मी कॉलेजात असताना मोर्च्याहून परतताना ऐकलंय. वडा-पाव खाऊ देऊन दोन तासांनी सोडलं हे सांगितलं पाहिजे, नाहीतर कहाणी फार थोर होईल.

लंडनकर:
‘संमती’ आणि ‘सहमती’ यांतही बघा. इंग्रजांची जुनी म्हण ‘पोलिसिंग बाय कन्सेन्ट’, ती संमती. ली-यंगचा शब्द कन्सेन्सस, ती सहमती. पण मराठीत सहमती निवडणूक बिनविरोध करताना होते. ‘सहमतीची पोलीसपद्धत’ वाचून मला ग्रामपंचायत दिसते.

ठाणे_अंमलदार_निवृत्त:
शब्द माझ्याकडं नाही, पण गोष्ट आहे. गणपती-ईदच्या आधी प्रत्येक ठाण्यात शांतता कमिटीची बैठक होते. तीच दहा-बारा माणसं, तीच बिस्किटं, ‘प्रशासनाला सहकार्य करू’, फोटो, संपलं. त्यातून कधी एक उपयोगी गोष्ट कानावर आली नाही. त्याउलट भिवंडीत सुरेश खोपडे साहेबांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मोहल्ला कमिट्या केल्या. ज्या भिवंडीत १९७० आणि १९८४ला एवढं रक्त सांडलं, ती १९९२-९३ला शेजारी मुंबई पेटलेली असताना शांत राहिली. फरक काय, तर त्यात पुढारी नव्हे, गल्लीतली साधी हिंदू-मुसलमान माणसं आणि तिथलेच पोलीस वरचेवर समोरासमोर बसायचे. गटार तुंबलं इथून बोलणं सुरू व्हायचं. गटाराचं ऐकून घेतलं की तलवारीचं कळतं.

सह्याद्री_एक्सप्रेस:
हे ली-यंगच्या मांडणीला चपखल बसतं, म्हणूनच सावध राहावंसं वाटतं. ज्यांना पोलीस बोलावतात ते ‘वस्ती’ आणि न बोलावलेले ‘उपद्रव’, असं होत नाही ना? इझ्लिंग्टनच्या १९८६च्या पाहणीचं मोल तेच होतं. लंडनच्या त्या भागात घरोघरी जाऊन विचारलं, तुम्हाला काय सोसावं लागलं. अंधार पडल्यावर बाहेर पडणं टाळणाऱ्यांत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त निघाल्या. त्या कुठल्या कमिटीवर नव्हत्या.

शाईपेन:
बरं झालं आठवण केलीत. त्या पाहणीला ‘व्हिक्टिम सर्व्हे’ म्हणतात. ‘बळी’ म्हटलं की माणूस मेलेला वाटतो. ‘पीडित’ हा बातम्यांत बलात्काराच्या गुन्ह्यांना इतका चिकटलाय की टीव्ही चोरीला गेलेल्याला पीडित म्हणवत नाही. ‘फिर्यादी’ म्हणावं तर पाहणी मुद्दाम अशांची आहे जे फिर्याद द्यायला गेलेच नाहीत.

मोडीवाला:
झळ. मी वर लिहून गेलोच होतो. ‘गुन्ह्याची झळ पोचलेल्यांची पाहणी’. लांब आहे, पण खोटं नाही.

बोरूबहाद्दर:
‘रिलेटिव्ह डेप्रिव्हेशन’चं ‘सापेक्ष वंचना’ सगळीकडे छापतात. संस्कृतात वंचना म्हणजे फसवणूक. आता ‘वंचित’ शब्दाचा अर्थ इतका पुढं गेलाय की मागं ओढण्यात हशील नाही, पण ‘वंचना’ अजून पुरती सरकलेली नाही. ‘सापेक्ष वंचितता’ लिहा. खाली समजावताना मात्र साधं लिहा: पोटाला नाही म्हणून नव्हे, शेजाऱ्याला मिळतं ते आपल्याला मिळायला हवं होतं असं वाटतं म्हणून. यंगला तेच म्हणायचं होतं. नुसती गरिबी कारण असती तर १९३०च्या दशकातल्या मंदीत गुन्हे साठच्या दशकातल्या भरभराटीपेक्षा जास्त झाले असते. झालं उलटं.

शाईपेन:
खर्डा टाकते. डोळे फाडून वाचा:

“लोकांचा पोलिसांवर भरवसा असतो तिथे गुन्ह्याची खबर लोकच देतात आणि पोलीस नेमक्या संशयितापर्यंत पोचतात. या पद्धतीला ली आणि यंग ‘कन्सेन्सस पोलिसिंग’ म्हणतात. आपण तिला संमतीची पोलीसपद्धत म्हणू. भरवसा संपला की पोलीस वस्तीत छावणी टाकल्यासारखे वागू लागतात, दिसेल त्याला हटकतात. ही छावणीची पोलीसपद्धत.”

‘चौकी’ नाही घेतली, चकटफू, माफ करा. ‘चल चौकीत’ डोक्यातून जाईना.

ठाणे_अंमलदार_निवृत्त:
छान झालंय. एकच शब्द काढा. ‘खबर देतात’ नको. खबर देणारा तो खबऱ्या, त्याला पैसे मिळतात, आणि त्याचं नाव फुटलं तर गल्लीत राहता येत नाही. छावणीवाल्यांनाच खबऱ्या जास्त लागतो, कारण दुसरं कुणी बोलत नाही. ‘कळवतात’ही नको, त्यात अर्ज येतो, आवक क्रमांक येतो. माझ्या बीटवरची म्हातारी दळण घेऊन जाताना थांबायची आणि म्हणायची, ‘हवालदार, त्या मागच्या खोलीत दोन नवी पोरं आलीत, रात्रीची जागी असतात.’ आणि पुढं जायची. तिनं काय केलं? सांगितलं.

शाईपेन:
‘गुन्ह्याबद्दल लोकच सांगतात’ असं केलं. आजींची ओळ उदाहरण म्हणून घालू का? दळणासकट?

ठाणे_अंमलदार_निवृत्त:
घाला की. खोलीचा नंबर विचारू नका फक्त.